ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मलावीच्या शाळेला पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये लेस्टरच्या तुमच्या ऑफिसात ६० डेस्कटॉप आणि २५ लॅपटॉप बदलले जाताहेत. सगळे सात-आठ वर्षांचे, विंडोज ११ चालत नाही म्हणून बाद झालेले. ओळखीतून आफ्रिकेत, उत्तर मलावीतल्या एका माध्यमिक शाळेशी संपर्क झालाय. तिथे कॉम्प्युटर हा विषय आहे, पण मशीन नाहीत. तर ते पाठवायचे कसे, कोणती कागदपत्रं लागतील, आणि त्यातले दहा-पंधरा साताऱ्याजवळच्या तुमच्या गावच्या शाळेला देता येतील का?

वाहतूक हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पैसे मोजले की पॅलेट पोचतं. पोचल्यावर सहा महिन्यांनी त्यातली किती मशीन सुरू असतील, ही खरी अडचण आहे, आणि ते बरंचसं माल लेस्टरमधून निघायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून मी उलट्या टोकाने, म्हणजे शाळेपासून सुरुवात करतो.

त्याआधी मशीनबद्दल एक दिलासा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट मशीन ऑफिसांतून बाहेर पडताहेत. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असेल तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर ती शाळेसाठी उत्तम चालतात. तुमचा माल भंगार नाही. तो पाठवण्याजोगा आहे का, हे मात्र पुढच्या गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट वीज. मलावीची बहुतेक वीज शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते. जानेवारी २०२२ मध्ये आना चक्रीवादळाने त्यातलं कापिचिराचं केंद्र मोडलं आणि देशाला बराच काळ मोठी तूट सोसावी लागली. एरवीही लोडशेडिंग नवं नाही. त्यामुळे शाळेला "लाइट आहे का?" एवढंच विचारू नका, कारण उत्तर "आहे" असंच येणार. दिवसाच्या शाळेच्या वेळात किती तास असते, मीटर प्रीपेड आहे का, युनिट संपले की कोण भरतं, खोलीत चालू स्थितीतले सॉकेट किती, हे विचारा.

आता हिशेब करून बघा. लहान आकाराचा ऑफिस डेस्कटॉप आणि १९-२२ इंची एलसीडी मॉनिटर मिळून वापरात साधारण ७० वॉट ओढतात. वीस मशीन म्हणजे १४०० वॉट. रोज चार तास चालवली तर ५.६ युनिट. हेच काम लॅपटॉपवर केलं तर एकाला सरासरी २५ वॉट, विसांना ५००, चार तासांना २ युनिट. शाळेला सौर पॅनेल आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवायच्या असतील, तर बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जातेच. हे धरून लॅपटॉपच्या खोलीला १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या जेमतेम पुरतात, डेस्कटॉपच्या खोलीला सहा लागतात. त्या तीन-चार वर्षांनी बदलाव्याही लागतात. म्हणून वीज बेभरवशाची असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तुमचे २५ लॅपटॉप हीच खरी देणगी समजा. डेस्कटॉप अशा शाळेला द्या जिथे लाइन बऱ्यापैकी टिकते. तुमच्या साठांत पुस्तकाएवढे छोटे मिनी डेस्कटॉप असतील तर ते वेगळे काढा. मॉनिटर धरून ते साधारण ४० वॉटमध्ये चालतात आणि लॅपटॉपसारख्याच बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालत असल्याने दुरुस्तीलाही सोपे पडतात.

दुसरी गोष्ट माणूस. शाळेत ज्या शिक्षकाच्या ताब्यात खोली असेल त्याच्याशी स्वतः बोला, फक्त मुख्याध्यापकांशी नको. त्याला काय शिकवायचंय ते समजून घ्या. मलावीत माध्यमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, एमएससीईला, कॉम्प्युटर स्टडीज हा विषय घेता येतो. तो शिक्षक कोणत्या पुस्तकातून शिकवतो, त्यात वर्ड-एक्सेलचीच चित्रं आहेत का, मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसवर त्याचं भागेल का, हे त्यालाच माहीत असतं. खोलीला खिडक्यांना गज आहेत का, दाराला कुलूप आहे का, पत्र्याचं छत गळतं का, हेही त्यालाच विचारा. फोटो मागवा. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे पावसाळा असतो आणि गळक्या छताखाली पहिल्याच पावसात चार मॉनिटर जातात.

आता तुमच्याकडचं काम. साठच्या साठ पाठवायचे असा हट्ट धरू नका. मी मशीन तीन ढिगांत लावतो: जाणारी, सुट्या भागांसाठी ठेवायची, आणि इथेच रिसायकलला द्यायची. लावताना वयापेक्षा मॉडेल बघतो. पाच मॉडेलची मिळून चाळीस मशीन असण्यापेक्षा एकाच मॉडेलची पंचवीस बरी. कारण डेल किंवा एचपीच्या छोट्या ऑफिस डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय त्या-त्या मॉडेलचा असतो, त्याचा कनेक्टरही वेगळा असतो. तो गेला तर ब्लँटायर किंवा लिलाँग्वेच्या दुकानात मिळणारा साधा एटीएक्स सप्लाय त्यात बसत नाही. मॉडेल एकच असेल तर एका मेलेल्या मशीनमधून तीन जिवंत राहतात.

प्रत्येक मशीनला हातातला वेळ अर्धा-पाऊण तास धरा, शिवाय रात्रभराची चाचणी. झाकण उघडून धूळ फुंकायची, फुगलेले कपॅसिटर बघायचे, पंखा मोकळा फिरतो का बघायचं. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर लावायची. डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढायची, त्यात रिॲलोकेटेड सेक्टर (खराब झालेले भाग) शून्य नसतील तर ती डिस्क पाठवायची नाही. खरं तर फिरत्या हार्ड डिस्क पाठवूच नका. वीज अचानक जाते तेव्हा आधी त्याच मरतात. १२० किंवा २४० जीबीची साधी एसएसडी टाका. दान करताना खिशातून काही खर्च करणार असाल, तर तो सगळ्यात आधी इथे करा.

एका पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित कमी आकाराच्या वस्तूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिच्यामुळे चांगली मशीन कोपऱ्यात पडतात. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटण-सेल सात-आठ वर्षांत संपत आलेला असतो. ऑफिसात मशीन कायम लाइनवर असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. मलावीत रोज मेन स्वीच बंद होतो, दुसऱ्या दिवशी घड्याळ मागच्या कुठल्या तरी साली जातं आणि काळ्या पडद्यावर एफ१ दाबायला सांगणारा इंग्रजी संदेश येतो. शिक्षकाला वाटतं मशीन बिघडलं. पुढे नेट असेल तर चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट सुरक्षित नसल्याचे इशारे येतात आणि काहीच उघडत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगही मूळ पदावर जातात. उपाय एवढाच: निघण्याआधी प्रत्येक मशीनमध्ये नवा सेल घाला, वर वीस मशीनमागे दहा सेल सोबत द्या. बायोस उघडलाच आहे तर वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ नये अशी सेटिंग करा. लाइन येताना पहिल्या मिनिटात व्होल्टेज उड्या मारतं, तेव्हा मशीन बंदच असलेलं बरं. बायोसचा पासवर्ड काढा. तो राहून गेला तर तिथे कुणी काढू शकणार नाही.

केबलींचंही असंच. २०१५-१७ च्या डेस्कटॉपला अनेकदा डिस्प्लेपोर्ट असतं आणि जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए. या दोन्हींमध्ये साधी तार चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. म्हणून प्रत्येक मशीन ज्या मॉनिटरबरोबर जाणार त्यालाच जोडून, त्याच केबलने, सुरू करून बघा. मग ती केबल त्याच मॉनिटरला बांधून ठेवा. मलावीत ब्रिटनसारखाच तीन चौकोनी पिनांचा प्लग आणि २३० व्होल्ट आहे, ही तुमची सोय झाली. अमेरिकेतून पाठवणाऱ्यांना प्लग बदलावे लागतात आणि जुन्या सप्लायवरचं ११५/२३० चं लाल बटण तपासावं लागतं.

वीस मशीनमागे मी सोबत दोन पूर्ण जास्तीची मशीन, चार कीबोर्ड, सहा माऊस, दोन एसएसडी, दोन पॉवर सप्लाय किंवा ॲडॉप्टर, एक स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि ब्रश देतो. माऊस सगळ्यात आधी जातात, तिथे हात आखडता घेऊ नका. स्टॅबिलायझर आणि सर्ज-संरक्षण असलेले बोर्ड शक्यतो तिथेच विकत घेऊन द्या.

डेटाचं काम कंपनीच्या आयटी विभागाच्या सहीनेच व्हायला हवं. ब्रिटनच्या डेटा कायद्याखाली जबाबदारी कंपनीची असते, तुमची वैयक्तिक नाही, आणि ती तशीच राहू द्या. फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण लिहून काढलं की पुरतं. एसएसडीवर तसं लिहिलं तरी काही भाग सुटतो, म्हणून तिथे डिस्कची स्वतःची सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ आज्ञा वापरायची. डीबॅन नावाचा जुना प्रोग्राम यासाठी अजून सुचवला जातो, एसएसडीसाठी तो नको. पुष्कळ कंपन्या भीतीपोटी डिस्क काढून ठेचून टाकतात आणि रिकामी खोकी देतात. तसं होणार असेल तर आत्ताच कळू द्या, म्हणजे एसएसडीचे पैसे उभे करता येतील.

एक गोष्ट आयटीवाले हमखास विसरतात. मशीन कंपनीच्या ऑटोपायलट नोंदणीत (मायक्रोसॉफ्टची, कंपनीची मशीन दुरून सांभाळायची सोय) राहिलं, तर पुढे कधी कुणी त्यावर विंडोज चढवलं की ते लेस्टरच्या ऑफिसचा लॉगिन मागतं. ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेससारखं चोरी-विरोधी सॉफ्टवेअर, मॅकचं ॲक्टिव्हेशन लॉक, क्रोमबुकची संस्थेची नोंदणी, हे सगळं मूळ मालकालाच काढता येतं. सीरियल नंबरांची यादी देऊन "नोंदणीतून काढलं" असं लेखी घ्या.

सॉफ्टवेअरसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा झुबंटू पुरेसं हलकं आहे. एक मशीन मनासारखं तयार करा, क्लोनझिला या प्रोग्रामने त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवा, आणि तीच प्रत दोन पेनड्राइव्हवर शिक्षकाला द्या. काही बिघडलं तर वीस मिनिटांत मशीन पुन्हा नवं होतं आणि त्याला तुमच्या फोनची वाट बघावी लागत नाही. इंटरनेट महाग किंवा नसलेलंच धरून चला. एका मशीनवर कोलिब्री आणि किविक्स हे प्रोग्राम टाकून त्याला साधा वायफाय राउटर जोडला, की धडे, व्हिडिओ आणि विकिपीडिया बाकीच्या मशीनवर विनाइंटरनेट दिसतात. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया सुमारे १०० जीबी होतो, त्यामुळे या एकाच मशीनला मोठी डिस्क द्या. शिक्षकाला विंडोजच हवं असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. परीक्षा त्याच्या मुलांना द्यायची आहे. मायक्रोसॉफ्टच्या नोंदणीकृत रिफर्बिशरमार्फत रीतसर परवाने मिळतात, चोरीची प्रत मात्र टाकू नका.

आता कायदा. घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवरच्या बासेल करारातला ई-कचऱ्याचा बदल १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. आता धोकादायक असो वा नसो, कुठलाही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवायला त्या देशाची आधी लेखी संमती लागते. तुमचं मशीन कचरा नाही, वापरण्याजोगी वस्तू आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते. न तपासलेलं मशीन, कितीही चांगल्या मनाने दिलं तरी, बंदरावर कचरा म्हणून अडवलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक नगाची चाचणी-नोंद हवी: काय आहे, सीरियल नंबर, निर्मितीचं वर्ष, कोणत्या चाचण्या केल्या, निकाल, तारीख, करणाऱ्याचं नाव-पत्ता. एक प्रत नगाला चिकटवायची, एक कागदपत्रांत. सोबत देणगीचं पत्र आणि "यात कचरा नाही" असं लेखी निवेदन. पॅकिंगही चांगलं हवं. मॉनिटर काचेला काच लावून, मध्ये पुठ्ठा घालून, उभे. मशीन नुसती ढिगाने रचलेली दिसली तर तपासनीसाला ती भंगारच वाटणार. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का बघून घ्या. लॅपटॉपच्या बॅटऱ्या लिथियमच्या, त्यांची वाहतूक यूएन ३४८१ या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली येते, ते माल पोचवणाऱ्या फॉरवर्डरला आधी सांगा. फुगलेली बॅटरी एकही जाता कामा नये.

मलावीला समुद्र नाही. माल मोझांबिकच्या बेइरा किंवा नाकालाला, नाहीतर टांझानियातल्या दार-ए-सलामला उतरतो आणि तिथून ट्रकने जातो. कंटेनर मोफत ठेवायचे दिवस शिपिंग कंपनी मोजत असते, आणि त्या मुदतीत रिकामा कंटेनर परत बंदरात यावा लागतो. कस्टमची सूट माल पोचल्यावर मागायला गेलात तर तोवर दंड चढत जातो आणि काही वेळा तो मशीनच्या किमतीला गाठतो. म्हणून सूट माल निघायच्या आधी, कागदावर, हातात हवी. माल ज्याच्या नावाने जाईल ती मलावीत नोंदणी असलेली, आयातीची सवय असलेली संस्था हवी. शाळेच्या नावाने पाठवलात तर मुख्याध्यापक बिचारे कस्टमच्या दारात उभे राहतील. बिलावर किंमत शून्य लिहू नका, कस्टमला मूल्य लागतंच. प्रामाणिक, वापरलेल्या मालाची किंमत लिहा.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर ते योग्यच आहे. ८५ नगांसाठी ही सगळी यंत्रणा स्वतः उभी करणं मला परवडणारं वाटत नाही. वीस फुटी कंटेनर यात भरत नाही आणि अर्धवट मालाला नगामागे खर्च जास्त येतो. ब्रिटनमध्ये हे काम करणाऱ्या संस्था आहेत. जेम्स ट्युरिंग यांनी २००९ साली सुरू केलेली, एडिनबर्गची ट्युरिंग ट्रस्ट मलावीतल्या शाळांसाठीही काम करते. कॉम्प्युटर एड इंटरनॅशनलही आहे. त्यांना मशीन द्या आणि तुमच्या शाळेचं नाव, फोटो, विजेची माहिती सोबत द्या. तीच शाळा मिळेलच असं नाही, त्यांचे निकष असतात. पण तुम्ही आधी गोळा केलेली माहिती जितकी पक्की, तितकी शक्यता जास्त. त्या भागात जाणारं कुणी ओळखीचं असेल तर दोन-तीन लॅपटॉप सामानातून नेता येतात. लॅबडू नावाचा उपक्रम प्रवाशांमार्फत नेमकं हेच करतो. बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत हवी आणि सुटी बॅटरी फक्त हातातल्या बॅगेत. तिथल्या कस्टमसाठी शाळेचं पत्र जवळ ठेवा.

म्हणजे कामाचा क्रम असा लागतो: आधी शिक्षकाशी बोलणं आणि विजेचा हिशेब, मग संस्थेशी संपर्क, मग आयटीकडून डेटा आणि नोंदणी मोकळी करून घेणं, आणि शेवटी निवड-तपासणी. संस्था तपासणी स्वतः करत असेल तर तुमचा वेळ वाचेल, तो एसएसडीचे पैसे गोळा करण्यात घाला. ही मशीन चार-पाच वर्षांनी मरतील तेव्हा ती कोण उचलणार, हेही त्याच संस्थेला आत्ताच विचारा. उत्तर नसेल तर दुसरी संस्था बघा. आपण दिलेलं मशीन शाळेमागच्या खड्ड्यात जळणार असेल तर ते देण्यात अर्थ नाही.

राहिला सातारा. तिथे ब्रिटनमधून पाठवू नका. वापरलेले डेस्कटॉप-लॅपटॉप भारतात आणणं प्रतिबंधित यादीत आहे, परदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते, आणि दहा-पंधरा नगांसाठी ते खटाटोप करण्यात शहाणपण नाही. गरजही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात, कंपन्यांतून निघालेली हीच मॉडेल दुरुस्त करून, थोड्या दिवसांच्या वॉरंटीसह मिळतात. बिघडली तर दुकानदार एसटीच्या अंतरावर असतो. तेवढे पैसे गावी पाठवा. पण मलावीच्या शिक्षकाला विचारलेला पहिला प्रश्न इथेही विचारा. जिल्हा परिषदेच्या शाळांची थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेल्याचं आपण वाचत असतो. तुमच्या शाळेचं बिल ग्रामपंचायत भरते, शाळा व्यवस्थापन समिती भरते की गुरुजी खिशातून भरतात, हे खरेदीआधी सरपंचांना फोन करून विचारा. बिल थकलेलं असेल तर आधी ते भरा, आणि पहिल्या वर्षी कॉम्प्युटर पाचच घ्या.